खिशातली हडळ

कावळा उतरला होता, हे मी आजही शपथेवर सांगायला तयार आहे. स्मशानभूमीच्या पत्र्यावरून तो आधी भिंतीवर आला, भिंतीवरून खाली, आणि पत्रावळीपासून हातभर अंतरावर थांबून मान वाकडी करून भाताकडे बघायला लागला. जमलेल्या माणसांतलं कुणी खोकत नव्हतं. तेवढ्यात माझ्या पँटच्या खिशात हडळ हसली.

साधंसुधं हसू नव्हतं ते. आधी लांबवर घुबड ओरडतं, मग एक दार करकरतं, आणि मग एक बाई अशी पोटातून हसते की ऐकणाऱ्याने रामनाम तरी घ्यावं किंवा तिला खोकल्याचं औषध द्यावं. कावळा उडाला तो थेट पंचगंगेच्या पलीकडं. मी घाईघाईने खिशावर हात दाबला, तर कुठलं बटण कुठं दाबलं गेलं कोण जाणे, हडळ दुप्पट आवाजात पुन्हा पहिल्यापासून हसली. मोबाईल एकदाचा बंद झाला तेव्हा सगळा जमाव पत्रावळीकडे पाठ करून माझ्याकडे बघत होता.

ज्याच्या रक्षाविसर्जनाला आम्ही जमलो होतो तो आमच्या फाउंड्रीचा वर्क्स मॅनेजर होता. मला कामावरून घालवलं ते त्यानेच, आणि तिथे आलेल्या निम्म्या माणसांना हे माहीत होतं. मागून कुणीतरी हलक्या आवाजात, पण सगळ्यांना ऐकू जाईल एवढ्याच हलक्या आवाजात म्हणालं, "उगवला की सूड गड्यानं."

तर आधी हे सांगून टाकतो, की मी तिथे सूड घ्यायला गेलो नव्हतो. सूड घ्यायची इच्छा नव्हती असं मात्र मला म्हणवत नाही.

शिरोली एमआयडीसीतल्या त्या फाउंड्रीत मी ओतकामावर सुपरवायझर होतो. वाळूचे साचे रांगेने मांडलेले असतात, त्यांत भट्टीतलं पातळ लोखंड ओतायचं, एवढंच ते काम. या कामात एक गोष्ट काल कामाला लागलेल्या माणसालाही कळते: ओल्या साच्यात ओतायचं नाही. आत पाणी राहिलं तर त्याची एका क्षणात वाफ होते आणि लोखंड आल्या वाटेने परत वर येतं, ओतणाऱ्याच्या अंगावर. त्या दिवशी पत्र्यातून गळलेलं पाणी रांगेतल्या साच्यांवर पडलं होतं. वरून वाळू सुकलेली दिसत होती, पण मी बोट घालून बघितलं तर आत गारवा होता. मी हात आडवा घातला आणि ओतू नका म्हणालो. साहेब, म्हणजे तोच वर्क्स मॅनेजर, आले. गेटवर ट्रक उभा होता, गिऱ्हाईक सकाळपासून फोन करत होतं. साहेबांनी साच्याकडे वरून बघितलं, कोरडा तर आहे म्हणाले, आणि माझा आडवा हात स्वतःच्या हाताने, अगदी पडदा सारावा तसा, बाजूला सारला.

साचा फुटला. ज्याने लेडल, म्हणजे लोखंड ओतायची लांब दांड्याची पळी, धरली होती त्या माणसाचा हात कोपरापासून मनगटापर्यंत भाजला.

नंतर चौकशी झाली. साहेब म्हणाले, साचे तपासणं हे सुपरवायझरचं काम, त्याने ते केलं नाही. ज्याचा हात भाजला होता तो पट्टी बांधलेला हात मांडीवर घेऊन बसला होता. त्याला विचारलं तर म्हणाला, मला काही आठवत नाही. बाकीच्यांना तर त्याहूनही कमी आठवत होतं. मालक जैन, अत्यंत मृदू माणूस, मुंगीला वळसा घालून चालणारा. मला उद्यापासून येऊ नका हेसुद्धा त्यांनी इतक्या हळू सांगितलं, की मला 'काय म्हणालात?' असं पुन्हा विचारावं लागलं. स्वतःला काढून टाकल्याचं दोनदा ऐकून घेणारा शिरोलीतला मी पहिलाच असेन.

नोकरी एक गेली असती तर दुसरी मिळाली असती. पण शिरोलीत एका गेटवर झालेली गोष्ट चहा निवायच्या आत दुसऱ्या गेटवर पोचते. जिथे जाईन तिथे मला खुर्ची मिळे, चहा मिळे, आणि मग तो प्रश्न येई: तुमच्याच हाताखाली माणूस भाजला न्हवं? ओतकामाला माणूस घेताना डिग्री नंतर बघतात, आधी त्याचा हात बघतात. माझ्या हातावर दुसऱ्याच्या भाजल्याचा डाग पडला होता. तो पुसू शकणारा माणूस एकच होता, आणि तो रोज सकाळी इस्त्रीचा शर्ट घालून, खिशाला पेन लावून कामावर जात होता.

मी घरी बसलो. उचगावातल्या आमच्या दोन खोल्यांत बायको दुपारी शिलाई मशीन चालवते. मशीनसमोर टीव्ही आहे. पूर्वी तिथे काय चालू असतं हे मला माहीतच नव्हतं. माझ्या आयुष्यातल्या सगळ्या दुपारी भट्टीसमोर गेल्या. आता कळलं की दुपारी टीव्हीवर भुतं असतात. दक्षिणेकडचे, हिंदीत बोलायला लावलेले ते पिक्चर. तोंड 'अप्पा' म्हणून हलतं आणि आवाज 'बाबूजी' येतो. भूत बाईचं असतं. तोंडाला मैदा फासलेला, नायलॉनचा टोप, डोळ्यांत काजळाऐवजी बहुतेक बुटपॉलिश. एका भुताच्या हातात तर मी घड्याळ बघितलं. बायको म्हणाली, असू दे, तिला तिकडं परत जायची वेळ बघायला लागत असंल.

आमच्या गावाला सिनेमा नवा नाही. इथं दर चार घरांआड कुणीतरी कधीतरी गर्दीत उभं राहिलेलं, नाहीतर राजाच्या मागे भाला धरून थांबलेलं सापडतं. खुद्द माझ्या सासऱ्यांनी एका पिक्चरमध्ये प्रेताचं काम केलं होतं. तिरडीवरच्या गुलालाने त्यांना शिंक आली. बाकी सगळं उत्तम जमल्यामुळे दिग्दर्शकाने ती शिंक तशीच ठेवली आणि प्रेताचं भूत केलं. त्यामुळे भूतपट बघणं हे बायकोच्या माहेरचं घरकाम समजायला हरकत नाही.

सुरुवातीला मी नाक मुरडलं. मी इंजिनिअरिंगचा डिप्लोमावाला, चहाबरोबर अग्रलेख वाचणारा. पण आठवडाभरात अशी गत झाली की जेवणाचं ताट हातात घेऊन मी भूत यायची वाट बघायला लागलो. आलं नाही तर आमटी अळणी लागायची.

का, याचा मी पुष्कळ विचार केला. विचार करायला वेळही भरपूर होता. सुडाचे गंभीर पिक्चर मला चालत नाहीत. त्यांत नायकाला दंड असतात, बंदूक असते, वर्षानुवर्षं डाव मांडायची चिकाटी असते. माझ्याकडे साखर आहे आणि गुडघा आहे. त्या नायकाशी मला कुठूनच नातं लावता येत नाही. पण या हास्यास्पद पिक्चरमधलं भूत जिवंतपणी कोण असतं? स्वयंपाकीण, वॉचमन, थोरल्या घरातली धाकटी सून. ज्याचं म्हणणं कुणी ऐकून घेतलं नाही असं कुणीतरी. तो जीव मेला की मात्र त्याला शक्ती येते, आणि त्या शक्तीचा उपयोग तो किती पोरकटपणे करतो! ज्या जमीनदाराला बघून गाव उठून उभं राहायचं त्याचं धोतर भर पंगतीत सुटतं. तो छताला चिकटतो. म्हशीच्या गोठ्यात उताणा पडतो. त्याच्या तोंडून बायकी आवाजात लावणी निघते. त्याला कुणी मारत नाही, आधी त्याचं हसू करतात. मला वाटतं, मारण्यापेक्षा हे जास्त खोलवर जातं. जो माणूस आपला हात पडद्यासारखा बाजूला सारतो, त्याने मरावं असं आपल्याला वाटत नसतं. त्याने एकदा सगळ्यांसमोर छताला चिकटावं असं वाटतं.

आणि शेवटी कबुली होते. खरी गंमत तिथे आहे. पावडर फासलेला तो खलनायक, घामाने पावडरचे ओघळ झालेला, हात जोडून सगळ्या गावासमोर ओरडतो: सांगतो, सगळं सांगतो, तिचं काही चुकलं नव्हतं, मीच केलं. ते वाक्य आलं की माझ्या छातीवरचं काहीतरी उतरायचं आणि मला गाढ झोप लागायची. रात्री अंथरुणावर न येणारी झोप तिथे, खुर्चीत, उष्ट्या ताटासमोर यायची. त्यामुळे त्या पिक्चरांचा शेवट मी एकदाही बघितला नाही. तो बायको बघायची. मी एकदा विचारलं, पुढं काय होतं? ती सुईत दोरा ओवत म्हणाली, काय नसतं, भूत जातंय. मला ते महत्त्वाचं वाटलं नाही.

रविवारी सांगलीहून लेकीचा फोन यायचा. घरात गोष्टी सांगायचं काम पहिल्यापासून माझ्याकडे, म्हणून मी तिला आठवड्याचे पिक्चर सांगायचो. ती हसायची. मग एकदा हसता हसता थांबली आणि म्हणाली, "बाबा, प्रत्येक पिक्चरमधल्या वाईट माणसाच्या खिशाला पेन कसं असतं?"

मी म्हणालो, असतंच, तुझं लक्ष नसतं.

दुपार अशी भुतांच्या हवाली करून निभायची. सकाळचं काय करायचं? शिफ्टच्या वेळेला मला घरात बसवत नसे. मी आंघोळ करून, केस विंचरून बाहेर पडायचो, आणि पाय सवयीने शिरोलीच्या पुलापर्यंत न्यायचे. पलीकडे फाउंड्रीच्या चिमण्या दिसतात, तिथे जायचं नव्हतं. मागे घर, तिथे इतक्या लवकर जायची लाज. मग मी पुलाच्या मध्यावर उभा राहायचो. खाली पंचगंगा. अशा वेळी माणूस काय काय विचार करतो ते लिहायला बरं वाटत नाही. एवढंच सांगतो, की जिवंतपणी ज्याचं कुणी ऐकत नाही त्याला मेल्यावर शक्ती येते, हे दुपारी टीव्हीवर बघायला मजेचं असतं. सकाळी पुलावर ते आठवू नये. मला ते आठवायचं. फोन वाजायचा, बायकोचा. मी उचलायचो नाही. काय बोलणार?

तिने मला कधी काही विचारलं नाही. एका सकाळी मी तसाच कठड्याला टेकून उभा असताना माझा खिसा हसला. घुबड, दार, हडळ, सगळं. शेजारून चाललेला सायकलवाला दचकून पडता पडता वाचला. त्याने मला आईवरून एक शिवी दिली आणि विचारलं, "काय पावणं, बाई खिशात घेऊन फिरताय व्हय?" मला हसू आलं. किती दिवसांनी ते आठवत नाही. मी फोन उचलला. बायको म्हणाली, येताना कोथिंबीर आणा.

तिने माझ्या मोबाईलवर तिच्या नंबरला तो आवाज लावून ठेवला होता. मी तो काढायला गेलो तर म्हणाली, ऱ्हाऊ द्या, उचलता तरी. पुलाचं नाव तिने घेतलं नाही. मीही घेतलं नाही. त्यानंतर रोज सकाळी त्या वेळेला हडळ हसायची आणि मला काहीतरी आणायला सांगायची. आमच्या घरात कोथिंबिरीचा डोंगर झाला.

आणि मग एका दुपारी साहेब गेले. ऑफिसातच, खुर्चीत, हृदयविकाराने. फाउंड्रीतल्या एकाने फोन करून सांगितलं तेव्हा टीव्हीवर भूत नुकतंच विहिरीतून बाहेर येत होतं. मी आवाज बंद केला. बायकोने मशीन थांबवलं. मला आनंद झाला नाही, दुःख तर नाहीच. पायाखालचा पाट कुणीतरी काढून घ्यावा तसं झालं. माझा खलनायक मध्यंतरालाच मेला होता. आता छताला कोण चिकटणार? 'त्याचं काही चुकलं नव्हतं' हे वाक्य आता जगात कुणाच्या तोंडून येणार? ते वाक्य त्यांच्याबरोबर सरणावर जाणार होतं, आणि मी उरलेलं आयुष्य माणूस भाजवणारा सुपरवायझर म्हणून काढणार होतो. त्या संध्याकाळी मी जेवलो नाही. टीव्हीही लावला नाही.

अंत्यविधीला मी गेलो नाही. रक्षाविसर्जनालाही जाणार नव्हतो. बायकोने पांढरा शर्ट काढून खाटेवर ठेवला आणि म्हणाली, "न्हाय गेलात तर लोक म्हणतील, ह्याचंच चुकलं हुतं, म्हणून तोंड लपवतोय. जावा."

गेलो.

साहेबांना काय काय आवडायचं ते त्या पत्रावळीवरून मला पहिल्यांदा कळलं. भात होता, भडंग होतं, खव्याची पोळी होती, कपात चहा होता. धाकट्या भावाने एक सिगरेट पेटवून बाजूला ठेवली होती. नैवेद्य ठेवून सगळे मागे सरले, पण कावळा येईना. कावळा शिवत नाही म्हणजे मेलेल्याचं काहीतरी मागे अडकलेलं असतं, आणि ज्याच्या हातात ते सोडवणं आहे त्याने पुढे होऊन शब्द द्यायचा असतो. भाऊ पुढे आला, तुझ्या लेकीचं शिक्षण पुरं करतो म्हणाला. कावळे पत्र्यावर बसून राहिले. पुतण्या आला, आजीला अंतर देणार नाही म्हणाला. कावळे बसूनच. कुणीतरी सुचवलं म्हणून गाडी विकणार नाही असाही शब्द देऊन झाला. ऊन चढत चाललं. मालक सावलीत अनवाणी उभे होते. फाउंड्रीची माणसं घोळक्याने एका बाजूला होती, त्यात तो लेडलवालाही होता, लांब बाह्यांचा शर्ट घालून. साहेबांच्या बायको पायरीवर बसून नैवेद्याकडे एकटक बघत होत्या.

इतक्या विनवण्यांनंतर तो एक कावळा उतरला होता. आणि माझी हडळ हसली होती.

मी मोबाईल खिशात कोंबला आणि हळूच मागे सरकायला लागलो. साहेबांचे चुलते, काठी टेकणारा म्हातारा माणूस, सगळं तेच चालवत होते. त्यांनी काठीनेच मला थांबवलं.

"पावणं, तुम्ही कोण?"

मी सांगायच्या आधी दुसऱ्या कुणीतरी सांगितलं. फाउंड्रीत हुता, साहेबांनी काढून टाकलेला. म्हाताऱ्याने मान हलवली, जणू हिशेब लागला.

"मग तुमच्यापाशीच अडलंय की त्याचं. कावळा उगं न्हाय उडाला. पुढं या, आणि म्हणा की माझ्या मनात काय न्हाय."

वाक्य सोपं होतं. माझ्या मनात काही नाही. माणूस गेलेला, बायको पायरीवर बसलेली, सगळ्यांना कामावर जायचं होतं. माझ्या जागी दुसरा कुणीही भला माणूस ते म्हणाला असता, आणि मी स्वतःला भला समजत आलो आहे. पत्रावळीसमोर जाऊन मी हात जोडले. ओठ हलवले. आवाज फुटला नाही. माझ्या मनात काही नाही म्हटलं की सगळं संपलं, हे मला तिथे लख्ख कळलं. सगळ्या शिरोलीसमोर मी माफी दिल्यासारखं दिसेल आणि ऐकणाऱ्याला ती मागितल्यासारखं ऐकू येईल.

शेवटी जे तोंडातून आलं ते मी ठरवलेलं नव्हतं.

"साहेब, साचा ओला हुता. ओतू नका म्हणून मी हात आडवा घातलता. तुम्हाला ठावं हाय."

एवढंच. ओरडून नाही. घरी बोलतो तसंच बोललो.

जमाव एकदम फुटला. म्हाताऱ्याने विचारलं, हे काय मागणं झालं? धाकटा भाऊ तरातरा आला आणि त्याने माझी कॉलर धरली. मेलेल्या माणसावर ढकलतोयस, लाज वाटत नाही का, असं तो म्हणत होता. त्याचे डोळे रडून लाल झाले होते, त्यामुळे मला त्याचा रागही येईना. मी तसाच, कॉलर त्याच्या हातात ठेवून उभा राहिलो. पिक्चरमध्ये या ठिकाणी वारा सुटतो आणि दिवे विझतात. इथे भर ऊन होतं आणि काहीच होत नव्हतं. मला वाटलं, झालं, आता हेही गेलं. आता लोक म्हणतील मेलेल्यालासुद्धा सोडलं नाही.

"सोडा त्यांना."

लेडलवाला पुढे आला होता. तो माझ्याकडे बघत नव्हता. पत्रावळीकडे बघत होता, आणि शर्टाच्या बाहीचं बटण पुन्हा पुन्हा चाचपत होता.

"हात आडवा घातलता ह्यांनी," तो म्हणाला. "मी लेडल धरून हुतो की. साहेबांनी हात बाजूला केला आणि ओत म्हणाले. साहेबांनीच नंतर माझा दवाखाना बघितला, माझ्या घरला डबा पोचवला, देवमाणूस हुता. म्हणून मी बोललो न्हाय. पर कावळ्याफुडं खोटं कसं बोलू?"

चौकशीच्या वेळी ज्यांना काही आठवत नव्हतं त्यांच्यापैकी आणखी एकदोघांनी माना डोलावल्या. भावाची मूठ सैल झाली. सगळ्यांच्या नजरा मालकांकडे गेल्या. मालक स्वतःच्या अनवाणी पायांकडे बघत होते.

आता हे लिहिताना मला सांगायला हवं, की त्या क्षणी मला झोप यायला हवी होती. कबुली झाली होती, सगळ्यांसमोर झाली होती. पण छताला कुणी चिकटलेलं नव्हतं. एक माणूस बाहीचं बटण चाचपत रडत होता आणि ज्याचं हसू व्हायचं होतं त्याची राख मडक्यात होती.

"शिवला."

साहेबांच्या बायको पायरीवरून उठल्या होत्या. सगळे वळले. आम्ही इकडे भांडत असताना पत्रावळीचा कोपरा फाटला होता, भात विस्कटला होता आणि खव्याची पोळी नव्हती. आसपास कावळा दिसत नव्हता. भिंतीपाशी एक तांबडं कुत्रं बसलं होतं आणि ते जीभ फिरवत होतं. म्हाताऱ्याने कुत्र्याकडे बघितलं, पत्रावळीकडे बघितलं, आणि घसा खाकरला.

"शिवला," बाई पुन्हा म्हणाल्या. "मी बघितला."

त्यांच्यापुढे कोण बोलणार? म्हाताऱ्याने हात जोडले, बाकीच्यांनी जोडले. माणसं पाय धुवायला नदीकडे वळली. मी शेवटी निघालो तेव्हा त्या पायरीपाशीच होत्या. मी मान खाली घालून पुढे जात होतो. त्यांनी मला थांबवलं नाही, फक्त मला ऐकू येईल एवढ्यावर बोलल्या.

"त्या दिसापास्नं झोपले न्हाईत हे. उठून बसायचे. काय झालं म्हणून विचारलं तर सांगायचे न्हाईत."

मी त्यांना हात जोडले. बाहेर मालकांची गाडी उभी होती. ते चप्पल घालत होते. त्यांनी माझ्याकडे बघून काहीतरी म्हटलं, पण इतक्या हळू, की मला ऐकू आलं नाही. या खेपेला पुन्हा विचारायचं धाडस मला झालं नाही. गाडी निघून गेली.

घरापर्यंत मी चालत आलो. बायकोने अंगणातच पाण्याची बादली ठेवली होती. स्मशानातून आलेल्या माणसाने आधी आंघोळ करायची, मग उंबरा ओलांडायचा. डोक्यावर पाणी घेता घेता, बाहेरूनच, मी तिला सगळं सांगितलं. फोन कशाला केला होतास, असं विचारलं. पाणी तापवायला ठेवायचं होतं म्हणून शिवला का ते विचारायला, असं ती म्हणाली. कावळा उडाला त्या जागी ती दाराला धरून हसली. लेडलवाल्याच्या जागी तिने पदर डोळ्यांना लावला. साहेब झोपत नव्हते हे ऐकलं तेव्हा मात्र तिने आतून आणखी एक तांब्या ऊन पाणी आणून बादलीत ओतलं.

मी म्हणालो, ऐकून बरं वाटायला हवं होतं. इतकं सगळं व्हावं म्हणून बसलो होतो, आणि झालं तर हातात काहीच नाही. मालक काय पुटपुटले तेही कळलं नाही. आता काय करायचं?

तिने मला टॉवेल दिला. आत गेली, फळीवर उपडा घालून ठेवलेला माझा डबा काढला आणि फडक्याने पुसत दारात येऊन उभी राहिली.

"तुम्ही कधी शेवट बघितला न्हाईसा," ती म्हणाली. "कबुली झाली की झोपता. भुताचं बरं असतंय, कबुली झाली की ते सुटतंय. माणसाला दुसऱ्या दिवशी डबा लागतोय. उद्या कुठल्या का गेटवर जाईना, पुलावर थांबायचं न्हाय. भाजी कशाची करू ते सांगा, कोथिंबीर सोडून."